चिमूटभर बीड

भिलाईत लहानाची मोठी झालेली माणसं टनाच्या खाली मोजत नाहीत. कारखान्याची क्षमता आधी दहा लाख टन होती, मग पंचवीस लाख झाली, मग चाळीस लाख, आणि हे आकडे आमच्या सेक्टरमध्ये घरोघरी तोंडपाठ असत. बाबा 1958 साली वर्ध्याहून आले आणि पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या खात्यात, लागले. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली, त्या गर्दीत ते होते. त्या दिवसाची गोष्टसुद्धा ते टनांतच सांगायचे. मीही पुढे याच कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. त्यामुळे ज्या कामात दिवसभर राबून शेवटी कागदावर चिमूटभर बीड जमतं आणि तेवढ्यावरच सगळं ठरतं, त्या कामाची गोडी मला लागावी याचं आमच्या घरात सगळ्यांना नवल वाटतं.

काम म्हणजे इंजिनाचं हेड ‘बनवणं’. सुपेल्यापासून पॉवर हाऊसपर्यंत कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो हाच शब्द वापरेल. सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड. हवा-पेट्रोल आत येण्याची वाट, धूर बाहेर जाण्याची वाट, त्या वाटांच्या तोंडावरचे व्हॉल्व्ह आणि स्फोट होतो ती पोकळी, हे सगळं या झाकणात असतं. या वाटा घासून, व्हॉल्व्हच्या बैठका नव्याने कापून, झाकणाचा तळ थोडा उतरवून तेच इंजिन अधिक जोरात चालवायचं. नवा भाग एकही बसवायचा नाही. असलेल्यातून काढायचं, तेही मोजकं.

यात ताकद येते कुठून, हे समजायला भिलाईच्या माणसाला फार लांब जावं लागू नये. ब्लास्ट फर्नेसविषयी बोलताना लोक दल्ली-राजहराच्या खनिजाचं बोलतात, कोळशाचं बोलतात, नंदिनीच्या चुनखडीचंही बोलतात. हवेचं नाव कुणी घेत नाही. एक टन लोखंड उतरवायला टनाहून जास्त हवा भट्टीत फुंकावी लागते, ती आधी हजार अंशांच्या वर तापवावी लागते, आणि भट्टी किती लोखंड देणार हे शेवटी ती किती वारा गिळते यावर ठरतं. पेट्रोलच्या इंजिनाचंही तेच. एक किलो पेट्रोलला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर पेट्रोल नीट जाळायला नऊ हजार लिटर हवा. पेट्रोल वाटेल तेवढं ओतता येतं. हवा मात्र पिस्टन खाली जाताना जेवढी ओढून घेईल तेवढीच, आणि त्याला वेळ तरी किती! मिनिटाला 4200 फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टनची खाली जाणारी एक धाव सेकंदाच्या 140 व्या भागात संपते. तेवढ्यात हवेने कार्ब्युरेटरमधून यायचं, नळीतून वळायचं, व्हॉल्व्हच्या कडेने फाकायचं आणि सिलिंडर भरायचा. वाटेत एक ओबडधोबड कंगोरा आला तरी तिचा हिशेब चुकतो.

बाबांनी निवृत्तीनंतर घेतलेली जुनी अँबॅसिडर अजून आमच्याकडे आहे. तिचं हेड काढून आणलं तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, ही पोकळी हृदयासारखी का आहे?” प्रश्न चांगला होता. दोन व्हॉल्व्ह एका रांगेत, समोरच्या बाजूला प्लग, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधून प्लगच्या दिशेने पुढे आलेलं बिडाचं एक टोक. त्या टोकामुळे पोकळीला बदामाचा आकार येतो. हा आकार इंग्लंडच्या हॅरी वेस्लेक या माणसाच्या डोक्यातून निघालेला आहे. हेडमधून हवा ओढून, ती मोजून, मग धातू घासायचा आणि पुन्हा मोजायचं, हा वेस्लेकचा धंदा. जग्वारच्या ज्या इंजिनाने 1951 आणि 1953 साली ल मांची शर्यत जिंकली, त्याच्या हेडवर त्याचा हात होता. 1967 मध्ये डॅन गर्नीने स्पाची बेल्जियन ग्रांप्री स्वतःच्या ईगल गाडीतून जिंकली, तिचं बारा सिलिंडरचं इंजिन वेस्लेकचं. आणि ऑस्टिन-मॉरिसच्या साध्या घरगुती गाड्यांसाठी त्याने दिलेली ही बदामी पोकळी उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समार्गे 1959 पासून अँबॅसिडरमध्ये आली. म्हणजे साहेबांना कोक ओव्हनच्या फाटकाशी सोडून झाडाखाली झोपा काढणाऱ्या त्या पांढऱ्या गाड्यांच्या बॉनेटखाली शर्यतीच्या माणसाची कारागिरी होती. कुणाच्या गावी नव्हतं.

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. अँबॅसिडरचं 1489 सीसीचं इंजिन तेव्हाच्या एमजीए नावाच्या इंग्लिश स्पोर्ट्‌स गाडीतही होतं. तोच बोअर, तोच स्ट्रोक. आमच्या गाडीला ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, एमजीएला आधी 68 आणि लवकरच 72. फरक वरच्या मजल्यावर होता: मोठे व्हॉल्व्ह, दोन कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन. आपल्याकडच्या हलक्या पेट्रोलवर, खड्ड्यांतून, सहा माणसं आणि टपावर होल्डॉल घेऊन चालायचं असल्याने अँबॅसिडरचा श्वास मुद्दाम आखडता ठेवलेला होता. मला यात काही गैर वाटत नाही. पण वीस घोडे कुठे तरी बांधून ठेवलेले आहेत हे एकदा कळलं की हात शिवशिवतात, हेही खरं.

हेडला भोकं पाच. आठ हवीत, चार आत येण्याची आणि चार बाहेर जाण्याची, पण आत येण्याच्या वाटा दोनच आहेत आणि मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच भोकातून निघतो. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरात एक वाट, तिसऱ्या-चौथ्यात एक. एका नळावर दोन बिऱ्हाडं म्हटल्यावर जे होतं तेच इथे होतं. 1-3-4-2 या क्रमात दुसऱ्याच्या पाठोपाठ लगेच पहिला हवा मागतो, तिसऱ्याच्या मागोमाग चौथा, आणि एकाचं पोट भरेपर्यंत दुसरा हिसकायला लागतो. हे भांडण कितीही घासून मिटत नाही. हेड बनवणाऱ्याने हे आधीच मान्य करून कामाला बसायचं असतं.

आमचे मिस्त्री छावणीकडच्या एका गल्लीत बसतात. एक लेथ, एक खांबी ड्रिल, डाय ग्राइंडर, आणि भिंतीशी रचलेली हेडं. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझी नजर त्या ढिगातल्या एका हेडवर अडली. करवतीने आडवं कापून त्याचे तुकडे केले होते. प्रत्येक तुकड्यात पोर्टची, म्हणजे हवेच्या वाटेची, नळी, तिच्या भोवती पाण्याची पोकळी आणि दोन्हींच्या मधली बिडाची भिंत उघडी पडली होती. काही ठिकाणी ती भिंत करंगळीच्या नखाएवढी जाड, काही ठिकाणी अर्ध्या बोटाएवढी. मिस्त्रींनी कुठे हात चालवायचा ती जागा खडूने पांढरी केली होती आणि कुठे जायचंच नाही ती गेरूने तांबडी. कारखान्यात आम्ही रूळ तपासायला अल्ट्रासॉनिक यंत्रं वापरायचो, ध्वनी आत पाठवून पोटातली चीर शोधायची. मिस्त्रींनी भंगारातलं एक हेड बळी देऊन तोच प्रश्न सोडवला होता. पाण्याला भोक पडलं की हेड गेलं, बिडाला वेल्डिंग सहजासहजी धरत नाही. म्हणून एक हेड वाया घालवून पुढची कितीतरी वाचवायची.

त्या कापलेल्या तुकड्यांत मला बाबांचं खातं दिसलं. पोर्टची नळी ओतकामात कशी तयार होते? वाळूचा कोअर बनवून साच्यात ठेवतात आणि भोवती वितळलेलं बीड ओततात. वाळू बिडाहून कितीतरी हलकी, त्यामुळे कोअर वर उचलला जायला बघतो. बैठकीत जरा सैल असला की मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतो. नळी तिरपी होते, एका बाजूची भिंत पातळ, दुसरीकडची जाड, आणि व्हॉल्व्हच्या बैठकीखाली एक पायरी तयार होते. गाडी चालते, ग्राहकाला कळतही नाही. पण हेड बनवणाऱ्याचं पहिलं काम हेच, ती पायरी काढणं. माझं मत आता असं झालं आहे की ज्याला लोक ‘परफॉर्मन्स वाढवणं’ म्हणतात, त्यातलं निम्मं नकाशात जे कबूल केलं होतं ते वसूल करणं असतं. ड्रॉइंग काढणाऱ्याने सरळ वाट काढली होती, ओतकामाने ती वाकडी केली. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत आजही ट्रॅक्टर-ट्रकांची हेडं ओतली जातात, आणि तिथल्या कोअर शॉपमधला माणूस कोअर हातात घेऊन जसा फिरवून बघतो तसंच बाबा बघायचे. चूक ओतल्यानंतर दुरुस्त करायला किती महाग पडते हे त्या खात्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

भाचा मेकॅनिकलचा विद्यार्थी. त्याने उत्साहात एक पोर्ट स्वतः घासला आणि एमरी पेपरने असा चमकवला की आत तोंड दिसावं. मिस्त्रींनी बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाले, “सुंदर झालं, आता याची फुलदाणी करा.” भाच्याला राग आला. इंजिनिअरिंगच्या पोरांना राग आला की ते यंत्र बनवतात. यानेही फ्लो बेंच बनवला: प्लायवूडची पेटी, आत व्हॅक्यूम क्लिनरच्या दोन मोटारी, वरती हेड उलटं ठेवायला सिलिंडरच्या मापाचा पाइप, आणि बाजूला काचेच्या यू नळीत लाल शाई घातलेलं पाणी. हवा एकाच दाबाने ओढायची, प्रत्येक पोर्टमधून किती जाते ते पाहायचं. शर्यतवाल्यांत 28 इंच पाण्याच्या दाबाचा प्रघात आहे. आमच्या मोटारींचा दम तिथवर पुरला नाही, त्याहून बऱ्याच कमीवर भागवलं. तुलना करायला तेवढं पुरतं.

चमकवलेल्या पोर्टमधून हवा वाढली, पण नाव घेण्यासारखी नाही. मग मिस्त्रींनी दुसरा पोर्ट घेतला. सरळ नळीला त्यांनी हातही लावला नाही. व्हॉल्व्हच्या बैठकीच्या मागे, नळी जिथे वळून खाली उतरते तिथल्या आतल्या वळणाची धार त्यांनी हलक्या हाताने गोल केली, व्हॉल्व्हच्या गाइडभोवतीचा फुगवटा निमुळता केला, आणि बैठक तीन कोनांत कापली. मधली 45 अंशांची अरुंद पट्टी, जिच्यावर व्हॉल्व्ह टेकतो, वर 30, खाली 60. बस. पाण्याची रेघ अशी हलली की भाचा काही बोललाच नाही, वहीत आकडा लिहून घेतला. आतल्या वळणाला धार असेल तर वेगात आलेली हवा वळत नाही, सुटून पलीकडच्या भिंतीवर आदळते आणि व्हॉल्व्हचा अर्धा घेर नुसता दिखाव्याला उरतो. तिथला एक ग्रॅम धातू बाकी सगळ्या नळीपेक्षा महाग.

आणि चकचकीत पोर्टचा तोटाही आहे. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोलचे बारीक थेंब हवेबरोबर येतात. भिंत काचेसारखी केली की ते तिला चिकटून ओघळतात. जरा खरखरीत भिंत त्यांना पुन्हा हवेत उडवते. मिस्त्रींना हे पुस्तकातून कळलेलं नाही. प्लगचा रंग बघून कळलेलं आहे.

‘मोठं म्हणजे चांगलं’ हा आमच्या गावचा जुना समज या कामात पार मोडतो. नळी रुंद केली की हवेचा वेग पडतो, आणि वेग हीच हवेची पुंजी. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी वेगात असलेली हवा आपल्या जोरावर आत घुसतच राहते. रुंद नळीतली सुस्त हवा उलटी फिरते. व्हॉल्व्हचंही तसंच. तो आपल्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला की त्याच्या कडेने उघडणारी जागा त्याच्या मुखाच्या क्षेत्रफळाएवढी होते. 36 मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला नऊ मिलिमीटर. त्यापुढे उचलून हाती फारसं लागत नाही. नव्वदच्या दशकात सिव्हिक सेंटरभोवती रात्री आरएक्स 100 पळवणारी पोरं हा धडा वेगळ्या तऱ्हेने शिकली. टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट हेडमध्ये नसून सिलिंडरच्या भिंतीत असतात. धुराचा पोर्ट दीड-दोन मिलिमीटर वर उचलला की वरच्या फेऱ्यांत गाडी किंचाळत पळते, आणि खालच्या फेऱ्यांत तिच्यावर आई-बहिणीला बसवून ओव्हरब्रिज चढायची सोय राहत नाही. कितीतरी पोरांना लग्नानंतर जुने सिलिंडर शोधत फिरताना मी पाहिलं आहे.

कॉम्प्रेशन वाढवायचं म्हणजे पोकळी लहान करायची. आमच्या इंजिनाच्या एका सिलिंडरचं घनफळ 372 सीसी. सव्वासातच्या जवळपास कॉम्प्रेशन असताना पिस्टन माथ्यावर आल्यावर उरणारी जागा साठ सीसी, एमजीएच्या 8.3 ला एक्कावन्न. फरक नऊ सीसी, दोन चमचेही नाही. हे मोजायचं कसं ते मिस्त्रींनी दाखवलं. हेड पालथं ठेवायचं, प्लग आणि व्हॉल्व्ह जागच्या जागी, पोकळीच्या कडेला ग्रीसची पुसट रेघ, वर भोक पाडलेली काच दाबून बसवायची आणि ब्युरेटने भोकातून रॉकेल सोडायचं. शेवटचा बुडबुडा भोकाशी येऊन फुटला की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. प्रयोगशाळेत मी जन्मभर ब्युरेट वाचला, पण तिथे चुकलं तर पुन्हा टायट्रेशन करता यायचं. इथे वाचल्यानंतर लेथवर हेड उतरवायचं असतं. चारही पोकळ्या सारख्या निघाल्या नाहीत. सर्वांत मोठी तशीच ठेवून बाकीच्या तिच्या बरोबरीला आणल्या, आणि मगच तळ उतरवला.

किती उतरवायचा यावर भाचा आणि मिस्त्री यांचं जमेना. भाच्याला साडेनऊ हवं होतं. हॅरी रिकार्डो या दुसऱ्या एका इंग्रजाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दाखवून दिलं होतं की कॉम्प्रेशनची मर्यादा धातू ठरवत नाही, पेट्रोल ठरवतं. दाबाने आणि उष्णतेने पोकळीच्या टोकाचं मिश्रण ज्योत पोचायच्या आत स्वतःच फुटलं की इंजिन ठोकतं, आणि ठोकणारं इंजिन पिस्टनला भोक पाडू शकतं. पेट्रोल आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलं आहे, भाच्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण मेमध्ये भिलाईत पारा पंचेचाळीसला टेकतो आणि भट्ट्यांच्या बाजूने वारा आला तर विचारायलाच नको. मिस्त्री लेथचा दांडा हातात घेऊन भाच्याकडे वळले आणि छत्तीसगढीत म्हणाले, “अब अउ झन घिस.” आता आणखी घासू नकोस. साडेआठच्या थोडं अलीकडे थांबलो.

हेडचं मूळ दुखणं मात्र वेगळंच होतं, आणि त्याचा वेगाशी काही संबंध नव्हता. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. मुलांच्या मेंदूसाठी ते अत्यावश्यक होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठका थेट बिडातच कापलेल्या असत, आणि शिशाचा थर त्यांना वंगण देई. तो गेल्यावर धुराचे व्हॉल्व्ह बैठकीत हळूहळू रुतत गेले. रुतलेला व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट संपते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि मग जळतो. आमच्या चारपैकी दोन कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. मिस्त्रींनी बैठकांच्या जागी खाचा कापल्या आणि कठीण पोलादी कड्या ठोकून बसवल्या. त्यासाठी हेड शेगडीवर तापवलं, आणि कड्या शेजारच्या कुल्फीवाल्याच्या बर्फ-मिठाच्या पेटीत आकसायला ठेवल्या. कुल्फीवाल्याने त्याचे पैसे घेतले नाहीत. कड्यांबरोबर एक कुल्फी मात्र गळ्यात मारली.

गाडी जोडून जीई रोडवर दुर्गच्या दिशेने काढली. भाच्याला अश्वशक्तीचा आकडा हवा होता, तो द्यायला इथे कुणाकडे डायनो नाही. मला एवढंच जाणवलं की ओव्हरब्रिजच्या चढावर जिथे बाबा हमखास दुसरा गिअर टाकायचे तिथे तिसऱ्यात ती कुरकुर न करता चढली. पेट्रोलही काही जास्त लागेना. घरी कायद्याचा प्रश्न निघाला. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मूळ रचना बदलायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केलं. आमचं म्हणणं, बोअर तोच, इंजिन नंबर तोच, व्हॉल्व्हही तेवढेच, धुराची चाचणी पहिल्यापेक्षा चांगली. भाच्याच्या बाबांना हा युक्तिवाद पटला नाही, ते बँकेत होते.

मिस्त्रींनी बिल केलं ते तासांवर. कागदात जमलेला भुगा भाच्याने प्रयोगशाळेच्या सवयीने वजन करायला माझ्याकडे आणला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर बशीच्या वजनात काही फरकच दिसेना. मी तो चुंबकाने गोळा करून डबीत ठेवला, कशासाठी ते सांगता येत नाही.

आता त्याच्या टेबलावर पल्सरचं हेड आहे. 2003 मध्ये बजाजने एका सिलिंडरला दोन प्लग देऊन जे केलं, त्याचा मागोवा त्याला घ्यायचा आहे. अॅल्युमिनियमचं हेड बिडापेक्षा कानशीला फार लवकर दबतं, म्हणजे चूकही तेवढीच लवकर होणार, हे मी त्याला बजावून सांगितलं. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण परवा खुर्सीपारच्या भंगारवाल्याकडून तो एक फुटकं हेड किलोच्या भावाने घेऊन आला आणि माझ्याकडे करवतीची पाती मागायला लागला. बारीक दातांची हवीत, म्हणाला.